बाहेरची हार्ड डिस्क कायम चालू ठेवावी की लागेल तेव्हाच जोडावी?

कापूसफूल | १७ एप्रिल, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावरून रोज वाद होतोय, म्हणून इथे विचारते.

माझे बाबा तीस वर्षं अकोला, बुलढाणा, वाशीम या भागात कीर्तनं करायचे. आई जमेल तेव्हा सोबत जायची आणि टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन कीर्तन भरून घ्यायची. अशा १४० कॅसेटी आमच्या ट्रंकेत होत्या, बहुतेक ९० मिनिटांच्या. बाबा गेल्यावर, गेलं वर्षभर, रात्रीची जेवणं आटोपली की एकेक कॅसेट लावून मी ती संगणकावर उतरवली. एका कॅसेटची वेव्ह फाइल साधारण ९५० एमबी भरते, म्हणजे सगळ्या मिळून १३० जीबीच्या आसपास. शिवाय घरातल्या कार्यांच्या मिनी डीव्ही व्हिडिओ टेपा आहेत, त्या तासाला १३ जीबी खातात. हे सगळं ४ टीबीच्या एका डिस्कवर आहे. अडॅप्टरवर चालणारी, उभी ठेवायची, जाड पुस्तकाएवढी. गेले चौदा महिने ती दिवसरात्र संगणकाला जोडलेलीच आहे.

मुलगा म्हणतो, आई, चालू राहून राहून झिजेल ती, काम झालं की काढून कपाटात ठेव. भाऊ म्हणतो, सारखी चालू-बंद केलीस तर त्यानेच लवकर जाईल, फिरतेय तर फिरू दे. आमच्याकडे अकोल्यात आत्ताच दुपारी घरात ३८-३९ अंश होतात आणि वीज दिवसातून एकदा तरी जातेच.

काल रात्री डिस्कमधून 'टक्' असा आवाज आला. थोड्या वेळाने परत आला. फायली नीट उघडतायत. पण मला झोप लागली नाही. काय करू?

निवांत_नाना | १८ एप्रिल, सकाळी ६:०५

ताई, चालूच ठेवा. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये चौतीस वर्षं काढली. तिथे आमचा अलिखित नियम होता की चालू यंत्राला हात लावायचा नाही. बंद करून पुन्हा सुरू केलं की एखादं कार्ड हमखास उठायचं नाही. डिस्कचंही तसंच आहे. थांबलेली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांवर न्यायची, तर मोटरला सगळ्यात जास्त जोर तेव्हाच लागतो. तुमच्यासारखी मोठी डिस्क सुरू होताना १२ व्होल्टच्या वायरीवर दीड-दोन अँपिअर ओढते, फिरायला लागली की साधारण पाव हिश्श्यावर येते. त्यात पुन्हा गरम-गार, गरम-गार होऊन सोल्डरचे जोड दुखावतात. तुमच्या भावाचं बरोबर आहे.

मधली_सुट्टी | १८ एप्रिल, सकाळी ९:१२

नाना, आदर ठेवून असहमत. रोज एकदा सुरू केली तरी दहा वर्षांत ३६५० वेळा होईल. डिस्का त्याच्या कितीतरी पट वेळा सुरू-बंद व्हायच्या हिशेबानेच बनवतात, जुन्या डेस्कटॉप डिस्कच्या कागदावर ५०,००० हा आकडा सर्रास असायचा. घरगुती वापरात तिथवर कुणी पोचत नाही.

सव्वाआठची_लोकल | १८ एप्रिल, सकाळी ९:३०

आमच्या सासूबाई तिला 'खडखडी' म्हणतात आणि रात्री दिवे मालवताना तीही मालवतात. पाच वर्षं झाली, खडखडी ठणठणीत आहे.

पाना_पेचकस | १८ एप्रिल, सकाळी १०:४८

अमरावतीले माहं दुरुस्तीचं दुकान आहे, बारा वर्षं झाली. माह्याकडे ज्या मेलेल्या डिस्का येतात त्यातल्या फिरून फिरून झिजलेल्या मी लय कमी पाह्यल्या. पडलेल्या लय. लहान डिस्क लॅपटॉपले लटकून राह्यते, वायरीत कोणाचा तरी पाय अडकते, आन धप्प. बंद डिस्क पडली तं वाचू शकते, फिरत असताना पडली का संपलं. डेटा वाचणारं डोकं आन फिरणारी तबकडी यायच्या मधात चार-पाच नॅनोमीटरची फट राह्यते. माणसाचा केस तिच्याहून दहा हजार पट जाड आहे, मंग विचार करा.

म्हणून म्हणतो ताई, काम नसन तं काढून ठेवा. पण काढताना आधी 'सेफली रिमूव्ह' करा, आन मंग दहा-पंधरा सेकंद तिले हात नका लावू. तबकडी थांबेपर्यंत दम धरा.

दुधावरची_साय | १८ एप्रिल, सकाळी ११:०२

ते सेफली रिमूव्ह खरंच लागतं का? माझा भाचा म्हणतो नव्या विंडोजमध्ये नुसती ओढून काढली तरी चालते.

मधली_सुट्टी | १८ एप्रिल, सकाळी ११:२५

@दुधावरची_साय, भाच्याने अर्धं बरोबर सांगितलंय. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कला 'क्विक रिमूव्हल' हीच मूळ सेटिंग असते, म्हणजे लिहायचं ते फार वेळ मेमरीत साठवून ठेवत नाहीत. पण त्या क्षणी लिहिणं चालू असेल तर फाइल अर्धवट राहणारच. डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली असेल तर जास्त जपा, त्यात विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीसारखी जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, नसते, वीज गेली की फोल्डरच्या फोल्डर गोंधळू शकतात. आणि फिरत्या डिस्कला सेफली रिमूव्हचा आणखी एक फायदा म्हणजे डोकं शांतपणे आपल्या जागी जाऊन बसतं. अचानक वीज गेली तर तेच डोकं घाईने, उरल्यासुरल्या जोरावर मागे ओढावं लागतं.

काटकोन | १८ एप्रिल, दुपारी १:४०

मी वास्तुविशारद आहे, ठाण्यात. माझा अनुभव जरा वेगळ्या बाजूचा आहे.

२०१९ साली ऑफिसात दोन डिस्का होत्या. एकीवर चालू कामं, दुसरीवर त्याची रोजची नक्कल. दोन्ही कायम जोडलेल्या. नक्कल आपोआप होत होती, म्हणून मी निर्धास्त. एका मुलाने कुठूनतरी फुकटात मिळालेलं, कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर टाकलं. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही गेलो, सोमवारी आलो तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक अनोळखी शेपटी आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी. सर्व्हर, पहिली डिस्क, दुसरी डिस्क, सगळं कुलूपबंद. अकरा वर्षांची ड्रॉइंगं.

त्याच्या दोनच वर्षं आधी, मे २०१७ मध्ये, वॉनाक्राय या फायली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या व्हायरसने जगभर गोंधळ घातला होता, ते सगळं मी पेपरात वाचलं होतं. पण आपली डिस्क वायरीने संगणकाला जोडलेली आहे म्हणजे तीही त्याच आगीत आहे, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. थोडंफार परत मिळालं ते ग्राहकांना पाठवलेल्या ईमेलमधून, तेही पीडीएफ.

म्हणून झीज वगैरे बाजूला ठेवून सांगतो, राखीव प्रत जोडलेली ठेवू नका. आणि ताई, मला तुमच्या धाग्यात एक गोष्ट सापडत नाहीये. या डिस्कची दुसरी प्रत आहे ना?

डॅलसची_दुपार | १८ एप्रिल, दुपारी ४:०५

काटकोन यांना +१. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या नेटवर्कला जोडायच्या डिस्कांवर तर कुणाला काही उघडावंही लागलं नव्हतं. इंटरनेटवरून कुणीतरी फॅक्टरी रीसेटचा हुकूम सोडला आणि लोकांच्या डिस्का कोऱ्या झाल्या. आमच्या ओळखीत एकाचे मुलांचे सगळे फोटो गेले. तेव्हापासून आम्ही एक डिस्क वर्षभर बंद पेटीत ठेवतो आणि फक्त नवरात्रात आणि गुढीपाडव्याला जोडतो, म्हणजे तारीख लक्षात राहते.

निवांत_नाना | १८ एप्रिल, संध्याकाळी ५:३०

व्हायरसचा मुद्दा मान्य. पण तो डिस्कच्या तब्येतीचा मुद्दा नाही. ताईंनी विचारलंय की कशाने डिस्क जास्त टिकेल. त्यावर मी माझ्या मतावर ठाम आहे.

वाशिष्ठीकाठ | १८ एप्रिल, रात्री ८:१५

२२ जुलै २०२१, चिपळूण. आमची डिस्क काढूनच ठेवलेली होती. प्लास्टिकच्या डब्यात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. सगळं अगदी शहाण्या माणसासारखं. पहाटे पाणी चढायला लागलं, आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. वर नेलं ते पिण्याचं पाणी, सासऱ्यांची औषधं आणि कागदपत्रांची पिशवी. डिस्क कुणालाच आठवली नाही. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर डबा चिखलाने भरलेला.

पुढे एक चूक झाली, ती सांगते म्हणजे दुसऱ्या कुणाकडून होणार नाही. आम्ही डिस्क पुसली, आठवडाभर उन्हात वाळवली आणि जोडून बघितली. आतून किरकिर आवाज आला आणि ती बंद पडली. नंतर डेटा परत काढून देणाऱ्याने सांगितलं, ओली तशीच आणली असती तर आशा होती, आत गाळ असताना फिरवली म्हणून तबकडी खरवडली गेली. पुराचं पाणी गेलेली डिस्क वाळवू नका, जोडू तर अजिबात नका.

आमचे लग्नाचे फोटो वाचले कारण नणंदेने आधीच्या दिवाळीत ते तिच्या लॅपटॉपवर घेतले होते, सोलापूरला. म्हणून ताई, चालू की बंद याच्याइतकाच प्रश्न 'कुठे' याचाही आहे.

दुधावरची_साय | १८ एप्रिल, रात्री ८:४०

वाशिष्ठीकाठ, वाचून गलबलून आलं. तुम्ही सगळे सुखरूप राहिलात हे महत्त्वाचं.

आकडेमोड | १८ एप्रिल, रात्री १०:१०

नानांच्या मुद्द्यावर थोडी आकडेवारी. २००७ साली गूगलने आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, तापमानाचा संबंध लोकांना वाटतो तितका थेट निघाला नाही, खूप तापणाऱ्या आणि तीन वर्षांच्या पुढच्या डिस्कांत मात्र फरक दिसला. दोन, डिस्कच्या तपासणीत पहिली वाचन-चूक सापडली की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होते. तीन, गेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून जास्त अशा होत्या की त्यांनी चार मुख्य लक्षणांपैकी एकही दाखवलं नव्हतं. म्हणजे लक्षण दिसलं तर ताबडतोब धावायचं, पण लक्षण नाही म्हणून झोपायचं नाही.

मात्र त्या सगळ्या चोवीस तास चालणाऱ्या, थंड हवेतल्या, स्थिर विजेवरच्या डिस्का होत्या. अकोल्यातल्या खोलीत ३९ अंश, वारंवार जाणारी वीज आणि हवा न खेळणारा प्लास्टिकचा डबा, ही परिस्थिती निराळी. बाहेरच्या बऱ्याच डिस्कांच्या कागदावर वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं. ताई, उन्हाळ्यात तुमची डिस्क दुपारी नुसती बसलेली असली तरी ती त्या मर्यादेबाहेर आहे.

'टक्' आवाज बहुधा डोकं पार्क होण्याचा असावा. काम नसलं की डिस्क डोकं बाजूच्या उतरणीवर नेऊन ठेवते, काम आलं की परत आणते. पण बहुधा म्हणून सोडून देऊ नका. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका आणि ०५, ०९, सी०, सी१, सी५ या ओळींचे शेवटच्या रकान्यातले आकडे इथे लिहा.

कापूसफूल | १९ एप्रिल, रात्री १०:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाच्या मदतीने ते सॉफ्टवेअर टाकलं. वर पिवळा चौकोन आहे आणि 'कॉशन' लिहिलंय. आकडे असे दिसतायत, पुढची शून्यं सोडून: ०५ समोर ०, ०९ समोर २७ईसी, सी० समोर २एफ, सी१ समोर ३ए१९८, सी५ समोर ८. यात अक्षरं का आहेत ते कळलं नाही.

काटकोन, तुमच्या प्रश्नाचं उत्तर, नाही. दुसरी प्रत नाही. कॅसेटी आहेत, ट्रंकेत.

आकडेमोड | १९ एप्रिल, रात्री ११:०३

ताई, आधी हे करा, बाकी सगळं नंतर. उद्या दुकानं उघडली की नवी डिस्क आणा आणि कीर्तनं उतरवून घ्या. आधी कीर्तनं, मग टेपा. टेपांपेक्षा कीर्तनं लहान आहेत, दीड-दोन तासांत होतील.

आता अक्षरं. हे आकडे सोळाच्या पद्धतीत आहेत, त्यात दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरं वापरतात. सेटिंगमध्ये जाऊन ते आपल्या नेहमीच्या दहाच्या पद्धतीत करता येतात. २७ईसी म्हणजे १०,२२० तास, तुमचे चौदा महिने बरोबर जुळतात. सी१ म्हणजे डोकं पार्क झाल्याची संख्या, २,३७,९७६. तासाला तेवीस वेळा. तुमचा 'टक्' तो हाच. बऱ्याच डेस्कटॉप डिस्कना ही मर्यादा ३ लाख दिलेली असते, काहींना ६ लाख. म्हणजे नाना, ही डिस्क 'कायम चालू' होती तरी आतून ती सारखी उठबस करत होती. वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या ग्रीन डिस्कमध्ये तर ८ सेकंद काम नसलं की डोकं बाजूला जायचं.

सी० म्हणजे अचानक वीज जाऊन डोकं किती वेळा ओढून घ्यावं लागलं ती संख्या, २एफ म्हणजे ४७. चौदा महिन्यांत सत्तेचाळीस झटके.

आणि सी५ समोरचा ८. या जागा डिस्कला वाचता येत नाहीयेत. आजच्या डिस्कांत ४ केबीची एक खरी जागा ५१२ बाइटच्या आठ भागांनी मोजली जाते, म्हणून ८ म्हणजे बहुधा एकच जागा खराब आहे. छोटी गोष्ट आहे, पण वर लिहिलेल्या वाचन-चुकीसारखंच हेही धोक्याचं लक्षण आहे.

पाना_पेचकस | १९ एप्रिल, रात्री ११:१५

ताई एक सांगतो, ध्यान द्या. विंडोज म्हणन का डिस्क तपासू का, दुरुस्त करू का. नाही म्हणा. चेकडिस्क आता चालवू नका, डीफ्रॅग तं बिलकुल नाही. आधी माल बाहेर काढा. टेराकॉपी नावाच्या सॉफ्टवेअरनं कॉपी करा, ते अडकलेली फाइल सोडून पुढं जाते, आन शेवटी दोन्हीकडच्या फायली ताडून पाह्यते. डिस्कवर टेबलफॅन लावून ठेवा. कॉपी सकाळी लवकर करा, ऊन चढायच्या आधी. काही अडलं तं अमरावतीले या, दीड-दोन तासाचा रस्ता आहे, पैशाचं पाहू नका.

काटकोन | १९ एप्रिल, रात्री ११:२०

उद्याच करा ताई. आम्ही इथे आहोत.

सव्वाआठची_लोकल | २० एप्रिल, सकाळी ८:२०

अवांतर: कॅसेट कशावर वाजवता? माझ्याकडे आजीच्या ओव्यांच्या सहा कॅसेटी आहेत. एकीतून आवाज फार दबका येतो.

कापूसफूल | २० एप्रिल, सकाळी ८:४५

मुलगा डिस्क आणायला गेलाय, दुकान उघडायची वाट बघतोय. तोवर हे लिहिते, हाताला चाळा.

जुना डेक आहे, त्याच्या लाइन आउटमधून संगणकाच्या लाइन इनमध्ये वायर. दबका आवाज असेल तर आधी डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापसाला तपकिरी डाग येईल तो पट्टीचाच खरवडा. तरीही दबका असेल तर कॅसेटमध्ये डोकावून बघा, मधोमध पितळी पट्टीवर एक छोटा नमद्याचा तुकडा असतो, तो टेपच्या पट्टीला हेडवर दाबून धरतो. त्याचा गोंद सुकून तो गळून पडतो. माझ्या वीसेक कॅसेटींचा गळला होता. दुसऱ्या कोऱ्या कॅसेटचा काढून बसवला की आवाज उघडतो. आजीच्या ओव्या जरूर उतरवा, आणि मूळ कॅसेटी टाकू नका.

फोटोवाला_नाशिक | २० एप्रिल, दुपारी १२:३०

लग्नाचे फोटो काढतो, सतरा वर्षं. एका हंगामात ५-६ टीबी होतात. मूळ प्रश्नाला माझं उत्तर हे की कुठली डिस्क, ते आधी ठरवा.

ज्या डिस्कवर रोज काम आहे ती कामाच्या वेळात चालू असू द्या. दर तासाला काढ-घाल करायची गरज नाही. रात्री संगणक बंद, डिस्क बंद. जी राखीव आहे ती जोडायची, नक्कल करायची, ताडायची, काढायची. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी मांडलेला ३-२-१ चा हिशेब आम्ही पाळतो. तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. माझ्या घराबाहेरची प्रत मेहुण्याकडे सिन्नरला असते.

लहान डिस्क घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. १ टीबीच्या पुढच्या बऱ्याच लहान डिस्कांत ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. एक कौल बदलायचं तर शेजारची उचकटावी लागतात. म्हणून मोठी कॉपी संपली असं पडद्यावर दिसलं तरी डिस्क आतल्या आत आवराआवर करत असते. तासभर तशीच जोडून ठेवा, मग काढा.

कपाटातली डिस्कही वर्षानुवर्षं विसरायची नाही. मी दर तीन महिन्यांनी प्रत्येक डिस्क जोडून दहा-बारा फायली उघडून बघतो आणि चिकटपट्टीवर तारीख टाकतो. हे काम मी मुलीला सोबत घेऊन करतो, तिला जुने फोटो बघायला आवडतात.

शंकासुर | २० एप्रिल, दुपारी २:१०

मग सरळ एसएसडीच, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क, का नको? फिरणं नाही, टक् नाही, पडली तरी चालते.

आकडेमोड | २० एप्रिल, दुपारी २:४०

कामाला उत्तम, कपाटात विसरायला नको. एसएसडीत डेटा विजेच्या भारावर टिकून असतो आणि भार हळूहळू गळतो. जेडेक या चिपउद्योगाच्या मानकसंस्थेचं मानक असं की घरगुती एसएसडीने, तिची लिहिण्याची क्षमता पूर्ण वापरून झाल्यावरही, ३० अंशांत बंद अवस्थेत एक वर्ष डेटा धरून ठेवावा. नवी असेल तर जास्त धरते. पण कपाट जितकं तापेल तितका हा काळ कमी होतो, आणि अकोल्यातल्या लोखंडी कपाटाचा मे महिना विचारात घ्या.

मधली_सुट्टी | २० एप्रिल, दुपारी ३:०५

बिलाचा मुद्दा कुणी काढला नाही. अशी मोठी डिस्क फिरत असताना साधारण ६ वॅट घेते. चोवीस तास चालवली तर वर्षाला ५२-५३ युनिट. फार नाही, पण साठवत गेलात तर दोन-चार वर्षांत त्या पैशात दुसऱ्या डिस्कला हातभार लागतो.

कापूसफूल | २० एप्रिल, रात्री ९:५०

झालं. म्हणजे जवळजवळ झालं.

नवी डिस्क साडेदहाला आली. टेबलफॅन लावला, पडदे ओढले, देवाजवळ दिवा लावला आणि कॉपी सुरू केली. आई शेजारी खुर्ची घेऊन बसली होती. तिला यातलं काही कळत नाही, पण हिरवी पट्टी पुढे सरकतेय म्हणजे तिने भरलेलं कीर्तन पलीकडे जातंय एवढं तिला कळलं. १ ते ८६ सरळ गेल्या. ८७ ला पट्टी थांबली. डिस्कमधून टक्, टक्, टक्, असा सलग आवाज. मी वायर ओढणारच होते, पाना_पेचकस दादांचं आठवलं आणि हात मागे घेतला. चार-पाच मिनिटांनी ती फाइल सोडून पुढे गेली. ८८ ते १४० सगळ्या आल्या. संध्याकाळी टेपाही आल्या. ताडून बघितलं, ८७ सोडून सगळं जुळलं.

८७ ची कॅसेट ट्रंकेत आहे. उद्या पुन्हा लावते.

पाना_पेचकस | २० एप्रिल, रात्री १०:००

लय भारी ताई! जुनी डिस्क फेकू नका, अजून महिनाभर तशीच राहू द्या. पण तिच्यावर काही लिहू नका.

वाशिष्ठीकाठ | २० एप्रिल, रात्री १०:०४

डोळे भरून आले. आता एक प्रत गावाबाहेर पाठवा.

निवांत_नाना | २१ एप्रिल, सकाळी ६:१०

काल दिवसभर धागा उघडून बसलो होतो.

ताई, मी चालूच ठेवा म्हणालो होतो. एक्सचेंजमध्ये आमच्याकडे ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांची खोलीच्या खोली असायची, वीज गेली तरी यंत्राला कळायचंही नाही. वातानुकूलन असायचं. त्या भरवशावर ते यंत्र चालू ठेवणं शहाणपणाचं होतं. तुमच्या ४७ झटक्यांचा आकडा वाचल्यावर मी माझं मत मागे घेतो. तुमच्या घरी ती रात्रंदिवस चालू ठेवण्यात अर्थ नाही.

कामापुरती चालू असेल तेव्हाही तिला झटका बसू नये म्हणून एक सांगतो. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे बटण बघा, एकीकडे 'इको' आणि एकीकडे 'यूपीएस' लिहिलेलं असतं. इकोवर असेल तर वीज गेल्यावर बदल व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात डिस्कचा अडॅप्टर मान टाकतो. पंख्याला कळत नाही, डिस्कला कळतं. ते यूपीएसवर करा. इन्व्हर्टर नसेल तर संगणकाचा छोटा ६०० व्हीएचा यूपीएस घ्या, आणि डिस्कचा अडॅप्टरही त्यातच लावा. बरेच लोक संगणक यूपीएसवर ठेवतात आणि डिस्क भिंतीतल्या सॉकेटला लावतात.

कापूसफूल | २१ एप्रिल, सकाळी ७:३०

नाना, मागे बघितलं. बटण इकोवरच होतं. आणि डिस्क भिंतीलाच होती.

काटकोन | २१ एप्रिल, सकाळी ९:००

नाना, दंडवत.

दुधावरची_साय | २१ एप्रिल, सकाळी ९:४०

धागा वाचून आमच्या घरी काल तीन डिस्का कपाटातून बाहेर आल्या. एक उठलीच नाही. तिच्यावर काय होतं ते कुणालाच आठवत नाहीये. उरलेल्या दोन आज उतरवून घेतोय.

कापूसफूल | २३ एप्रिल, रात्री ११:४०

उशिरा लिहिते आहे. आमच्याकडे आता असं ठरलंय. नवी डिस्क कामाची, मी टेबलावर बसले की चालू, उठले की बंद. दुपारी बारा ते पाच तिला हात लावायचा नाही. आणखी एक डिस्क आणली, ती नक्कल करून, टॉवेलमध्ये गुंडाळून भाऊ काल बुलढाण्याला घेऊन गेला. त्याने पोचल्यावर जोडून तीन कीर्तनं उघडून बघितली आणि फोन केला. दर गणपतीत आणि दर उन्हाळी सुट्टीत ती इकडे येईल, ताजी होऊन परत जाईल. नुसती कीर्तनं गूगल वनच्या २०० जीबीच्या जागेतही चढवायला घेतली आहेत. मुलगा आणि भाऊ दोघेही म्हणतायत, बघ, माझंच बरोबर होतं.

आज ८७ नंबर लावली. बोरगाव मंजू, १९९१, सुदामचरित्र. मागच्या वर्षी आरती संपल्यावर मी रेकॉर्डिंग थांबवलं होतं, पुढे नुसती खरखर असेल असं वाटून. या वेळी दुसऱ्या बाजूची पट्टी संपेपर्यंत चालू दिलं. आरतीनंतर दोन-तीन मिनिटं नुसती गडबड आहे, ताटांचे आवाज, एक लहान मूल रडतंय. मग आईचा आवाज येतो, अगदी जवळून, "अहो, टेप संपत आली. काही म्हणायचंय का?" आणि बाबा दमलेल्या आवाजात म्हणतात, "म्हणायचं ते म्हणून झालं. तू जेवलीस का?"

आई झोपली आहे. सकाळी ऐकवते.

निवांत_नाना | २४ एप्रिल, सकाळी ६:०२

ताई, ती नवी फाइल बुलढाण्याच्या डिस्कवर अजून गेलेली नाही. ती डिस्क गणपतीत येईल म्हणालात, तोवर थांबू नका.

कापूसफूल | २४ एप्रिल, सकाळी ६:२०

नाना, रात्रीच भावाला लिंक पाठवली. त्याने उतरवून घेतली, आणि ऐकत बसला तो अजून झोपलेला नाही.